व्हर्च्युअल स्विचच्या मर्यादा आधीच कशा मोजायच्या: तीन होस्टच्या लॅबचा हिशोब

नवा सर्व्हर घ्यायचा ठरला की सगळ्यांच्या तोंडी दोनच प्रश्न असतात: रॅम किती आणि कोअर किती. व्हर्च्युअल स्विचला, म्हणजे सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने चालणाऱ्या नेटवर्क स्विचला, पोर्ट (जोडणीच्या जागा) किती लागतील, हे कोटेशनच्या मीटिंगमध्ये मी क्वचितच ऐकलं आहे. ते विचारायलाच हवं. कारण रॅम मोकळी असूनही व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा संगणक) चालू होत नाही, किंवा चालू होतं पण त्याचं नेटवर्क कार्ड जोडलंच जात नाही, अशी वेळ खरोखर येते. आणि ती बहुतेक वेळा परीक्षेच्या आठवड्यात येते, कारण त्याच आठवड्यात सगळं एकदम चालू असतं.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात सायबर सिक्युरिटी लॅबचे सर्व्हर सांभाळते. इथे शिकलेला हिशोब सविस्तर मांडते आहे. तुमच्याकडे लॅबऐवजी पतसंस्थेचं कोअर बँकिंग असेल, हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर असेल किंवा डेव्हलपर लोकांची टेस्ट मशीन्स असतील. आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

आधी एक पॉड मोजा

मर्यादांचे तक्ते उघडण्याआधी कागद घ्या आणि तुमच्या कामाचं सगळ्यात लहान एकक काय आहे ते ठरवा. आमच्याकडे एकक म्हणजे एका विद्यार्थ्याचा पॉड. त्यात चार व्हीएम असतात. एक फायरवॉल, तिला तीन नेटवर्क कार्डं: एक बाहेरच्या सामायिक नेटवर्ककडे, एक आतल्या नेटवर्ककडे, एक डीएमझेडकडे (बाहेरून पोहोचता येणाऱ्या सर्व्हरसाठी वेगळा ठेवलेला भाग). आतल्या नेटवर्कवर दोन मशीन, डीएमझेडमध्ये एक सर्व्हर, प्रत्येकाला एकेक कार्ड. म्हणजे चार व्हीएम, पण कार्डं सहा. स्विचला व्हीएमशी देणंघेणं नाही, त्याला कार्ड दिसतं. दर कार्डाला एक पोर्ट.

म्हणून पॉडमागे सहा पोर्ट आणि दोन खासगी नेटवर्कं. हे दोन आकडे वेगवेगळ्या मर्यादांना जाऊन धडकतात, त्यामुळे ते सुरुवातीपासून वेगळे लिहा.

आमच्याकडे ६० विद्यार्थ्यांच्या चार डिव्हिजन आहेत. म्हणजे २४० पॉड तयार असतात. एरवी दोन डिव्हिजनचे पॉड चालू असतात, बाकीचे बंद. पण ओरल-प्रॅक्टिकलच्या आठवड्यात तीन डिव्हिजन एकदम येतात: १८० पॉड, ७२० व्हीएम, १,०८० पोर्ट. होस्ट, म्हणजे व्हीएम चालवणारे खरे सर्व्हर, तीन; प्रत्येकी ५१२ जीबी रॅम. फायरवॉलला १ जीबी आणि बाकीच्या तीन हलक्या लिनक्स मशीनना अर्धा-अर्धा जीबी, म्हणजे पॉडला अडीच जीबी. १८० पॉडना ४५० जीबी. वेळ आलीच तर हे सगळं एका होस्टवर कसंबसं बसतं. निदान रॅमच्या हिशोबाने तरी बसतं.

वाईट दिवसाचा हिशोब करा

इथेच घोडं पेंड खातं. बहुतेक लोक एकूण पोर्ट भागिले होस्ट करतात आणि निश्चिंत होतात. १,०८० भागिले ३ म्हणजे ३६०. त्यात होस्टचे स्वतःचे पोर्ट मिळवा: मॅनेजमेंट, व्हीमोशन (चालू व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवणं) आणि स्टोरेज यांचे तीन व्हीएमकर्नेल पोर्ट (होस्टच्या स्वतःच्या कामाचे) आणि चार अपलिंक (बाहेरच्या खऱ्या नेटवर्ककडे जाणाऱ्या जोडण्या), असे सात. झाले ३६७. कुठल्याही तक्त्यात हा आकडा सुरक्षित दिसतो.

आता एक होस्ट बंद पडला असं धरा. उरलेल्या दोघांवर प्रत्येकी ५४७. अजूनही ठीक. पण एक होस्ट पॅचसाठी मेंटेनन्स मोडमध्ये आहे आणि तेवढ्यात दुसऱ्याचा पॉवर सप्लाय गेला, तर? सगळं एका होस्टवर येतं: १,०८७ पोर्ट. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर या व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरच्या ६ च्या मालिकेत एका होस्टवर एका वेळी चालू राहू शकणारे पोर्ट, स्टँडर्ड (एका होस्टपुरता) आणि डिस्ट्रिब्युटेड (अनेक होस्टवर पसरलेला) स्विच मिळून, कमाल १,०१६ आहेत. होस्टचे सात वजा केले की १,००९ उरतात, त्यात १६८ पॉड बसतात. म्हणजे रॅम शिल्लक असताना, व्हीएमची १,०२४ ची मर्यादाही ओलांडलेली नसताना, बारा विद्यार्थी प्रॅक्टिकलला रिकाम्या स्क्रीनसमोर बसतात.

हाय अव्हेलेबिलिटी (होस्ट पडला तर त्याची व्हीएम दुसऱ्या होस्टवर उठवण्याची सोय) हिचं ॲडमिशन कंट्रोल तुम्हाला इथे वाचवत नाही. ते सीपीयू आणि रॅम राखून ठेवतं. पोर्ट राखून ठेवत नाही. त्याचा हिरवा टिक बघून पोर्टांची खात्री धरू नका.

म्हणून माझा नियम असा: किती होस्ट बंद असताना काम चालू ठेवायचं आहे ते आधी लिहून ठरवा, आणि पोर्ट तेवढ्याच उरलेल्या होस्टवर मोजा. आमच्याकडे प्राचार्यांशी बोलून ठरलं की परीक्षेच्या आठवड्यात एकाही होस्टला पॅच लागणार नाही, आणि एक होस्ट पडला तरी परीक्षा चालली पाहिजे. मग मोजायचा आकडा ५४७. हा निर्णय तांत्रिक माणसाने एकट्याने घेऊ नये. तो लेखी असावा, कारण पॅच लावण्याची घाई करणारा माणूस दरवर्षी वेगळा असतो.

व्हीस्फिअरचा स्टँडर्ड स्विच: पोर्टपेक्षा पोर्ट ग्रुप आधी संपतात

जुन्या ईएसएक्सआयवर (व्हीस्फिअरचं होस्टवर चालणारं सॉफ्टवेअर) स्टँडर्ड स्विच तयार करताना पोर्टांची संख्या निवडावी लागायची. ती वाढवली की होस्ट रीस्टार्ट करावा लागे, त्याशिवाय बदल लागू होत नसे. ५.५ पासून, म्हणजे २०१३ पासून, पोर्ट गरजेप्रमाणे आपोआप वाढतात आणि कमी होतात. त्यामुळे आज कुणी तुम्हाला 'स्विचचे पोर्ट १२० वरून वाढवा' असा सल्ला दिला तर तो कुठल्या आवृत्तीसाठी आहे ते विचारा. होस्टवर सगळ्या स्विचचे मिळून ४,०९६ पोर्ट ही एकूण मर्यादा असते; त्यातले चालू १,०१६.

होस्टवरची खरी परिस्थिती बघायला एसएसएच (दुरून लॉगिन) करून 'ईएसएक्ससीएफजी-व्हीस्विच' ही कमांड 'एल' पर्यायासह चालवा. दर स्विचसमोर एकूण पोर्ट, वापरलेले पोर्ट, ठरवलेले पोर्ट, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) आणि अपलिंक असे रकाने येतात. खाली त्या स्विचचे पोर्ट ग्रुप (एकाच नेटवर्कचे पोर्ट एका नावाखाली), त्यांचा व्हीलॅन क्रमांक (एकाच केबलवरची नेटवर्कं वेगळी ठेवणारा) आणि वापरातले पोर्ट दिसतात. एकूण पोर्टांचा मोठा आकडा बघून हुरळून जाऊ नका, तो होस्टने स्वतः ठरवलेला असतो. तुमच्या कामाचा रकाना वापरलेल्या पोर्टांचा. सगळ्या स्विचचे वापरलेले पोर्ट बेरीज करा आणि ती बेरीज १,०१६ शी ताडून बघा. कुठल्या व्हीएमचा पोर्ट कुठल्या केबलवरून जातो आहे आणि किती पॅकेट गळतात हे बघायचं असेल तर 'ईएसएक्सटॉप' उघडून 'एन' दाबा. गळतीचे दोन रकाने असतात, पाठवण्याचा आणि घेण्याचा. घेण्याच्या रकान्यात सतत काहीतरी दिसत असेल तर बहुधा व्हीएमचा बफर कमी पडतो आहे. पोर्ट संपण्याशी त्याचा संबंध नाही, आणि त्या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

आता पोर्ट ग्रुप. स्टँडर्ड स्विचवर जास्तीत जास्त ५१२ पोर्ट ग्रुप करता येतात. आमचे २४० पॉड, दर पॉडला दोन, म्हणजे ४८०. मॅनेजमेंट, स्टोरेज, सामायिक बाहेरचं नेटवर्क असे अजून सहा. ४८६. उरले २६, म्हणजे फक्त तेरा पॉड. पाचव्या डिव्हिजनला मंजुरी मिळाली की पॉड ३०० होतात आणि पोर्ट ग्रुप ६०० च्या पुढे जातात. ही मर्यादा व्हीएम बंद असली तरी लागू असते, कारण पोर्ट ग्रुप स्विचवर तयार करून ठेवलेला असतो. म्हणून डिव्हिजन वाढतील असं कानावर आलं की मी आधी पोर्ट ग्रुप मोजते, रॅम नंतर.

यावर सोपा उपाय दुसरा स्टँडर्ड स्विच. पण दुसऱ्या स्विचला वेगळे अपलिंक द्यावे लागतात, कारण एक फिजिकल नेटवर्क कार्ड एकाच स्विचला जोडता येतं. अपलिंक न देता फक्त आतल्या वापराचा स्विच केला तर पॉडची चारही मशीन एकाच होस्टवर राहिली पाहिजेत, आणि अशा स्विचवरचं व्हीएम व्हीमोशन सहसा हलवू देत नाही. लहान लॅबला हे चालतं. होस्ट पडल्यावर मशीन दुसरीकडे उठायला हवी असतील तर चालत नाही.

आणि एक अगदी बारीक गोष्ट. स्टँडर्ड स्विचचे पोर्ट ग्रुप प्रत्येक होस्टवर वेगळे तयार करावे लागतात आणि नावं अक्षरशः सारखी लागतात. कॅपिटल-स्मॉलचा फरक चालत नाही. नावाच्या शेवटी एक रिकामी जागा राहिली तर डोळ्यांना दिसत नाही, पण व्हीमोशन 'हे नेटवर्क तिकडे उपलब्ध नाही' म्हणून अडतं. शेकडो पोर्ट ग्रुप हाताने करायचे नाहीत. पॉवरसीएलआयमध्ये (व्हीएमवेअरचं कमांडचं साधन) लूप लिहा, नाव 'पॉड', तीन आकडी क्रमांक आणि 'आत' किंवा 'डीएमझेड' अशा ठरावीक साच्यातून तयार होऊ द्या आणि तीच स्क्रिप्ट तिन्ही होस्टवर चालवा.

डिस्ट्रिब्युटेड स्विच: बंद व्हीएमसुद्धा पोर्ट अडवतं

डिस्ट्रिब्युटेड स्विचला ६०,००० पोर्ट आणि १०,००० पोर्ट ग्रुप चालतात, त्यामुळे वरची पोर्ट ग्रुपची अडचण सुटते. जुन्या कायमस्वरूपी परवान्यांमध्ये तो एंटरप्राइज प्लसमध्ये मिळायचा. डिसेंबर २०२३ पासून ब्रॉडकॉमने (व्हीएमवेअरची आताची मालक कंपनी) नवे कायमस्वरूपी परवाने विकणं बंद केलं, त्यामुळे आता तुमच्या सबस्क्रिप्शनमध्ये तो आहे की नाही हे लिहून घ्या, तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

होस्टवरची १,०१६ ची मर्यादा मात्र इथेही तशीच राहते. हे अनेकांच्या लक्षात येत नाही. साठ हजार हा सगळ्या होस्टचा मिळून आकडा आहे.

इथला खरा प्रश्न बाइंडिंगचा, म्हणजे व्हीएमला पोर्ट कधी दिला जातो याचा. स्टॅटिक बाइंडिंगमध्ये व्हीएम पोर्ट ग्रुपला जोडलं त्या क्षणी त्याचा पोर्ट ठरतो आणि ते बंद असलं तरी पोर्ट त्याच्याच नावावर राहतो. व्हीएम डिलीट केलं किंवा त्या पोर्ट ग्रुपमधून काढलं तरच सुटतो. म्हणजे मागच्या सेमिस्टरचे पॉड 'असू देत, लागतील' म्हणून बंद करून ठेवलेले असतील तर त्यांचेही पोर्ट भरलेले. ५.१ पासून नवा पोर्ट ग्रुप इलॅस्टिक असतो: आठ पोर्टांनी सुरू होतो आणि संपले की आठ-आठ वाढतो. पण जुन्या आवृत्तीतून अपग्रेड होत आलेल्या पोर्ट ग्रुपवर १२८ पोर्ट ठरवून दिलेले असू शकतात. आमच्या सामायिक बाहेरच्या नेटवर्कवर २४० फायरवॉल आहेत. असा जुना पोर्ट ग्रुप असेल तर एकशेएकोणतिसावी फायरवॉल जोडताना मोकळा पोर्ट नाही असं उत्तर येतं, आणि सगळा दोष बिचाऱ्या टेम्पलेटवर ढकलला जातो. पोर्ट ग्रुपच्या सेटिंगमध्ये जा, पोर्ट ॲलोकेशन 'फिक्स्ड' दिसलं तर 'इलॅस्टिक' करा. चालू व्हीएमना धक्का लागत नाही.

एक गोष्ट आग्रहाने सांगते. व्हीसेंटर (सगळे होस्ट एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) स्वतः व्हीएम म्हणून याच स्विचवर असेल तर त्याच्या मॅनेजमेंट व्हीलॅनसाठी एक एफेमेरल बाइंडिंगचा पोर्ट ग्रुप आजच करून ठेवा. स्टॅटिक पोर्ट वाटण्याचं काम व्हीसेंटर करतो. तोच बंद पडला आणि त्याला नव्या पोर्टची गरज लागली तर देणारा कुणी उरत नाही. एफेमेरल पोर्ट व्हीएम चालू होताना तयार होतो, बंद होताना जातो आणि होस्टवर थेट लॉगिन करूनही जोडता येतो. सगळीकडे एफेमेरल वापरू नका. पोर्टवरची आकडेवारी आणि परवानग्या दर वेळी पुसल्या जातात. बचावासाठी एक पुरेसा.

हायपर-व्ही: पोर्ट अमर्याद, पत्ते २५६

हायपर-व्ही हे मायक्रोसॉफ्टचं व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअर. त्याच्या स्विचवर पोर्टांची मर्यादा मायक्रोसॉफ्टने घातलेली नाही. संगणनाची साधनं पुरतील तोवर चालतं. विंडोज सर्व्हर २०१२ ते २०२२ पर्यंत होस्टवर १,०२४ चालू व्हीएम चालतात. एका व्हीएमला २०१२ आर२ मध्ये १२ नेटवर्क कार्डं देता यायची, आठ नेहमीची आणि चार लेगसी (जुन्या प्रकारची). २०१९ आणि २०२२ मध्ये ही संख्या ६८ आहे. हे वाचून माणूस निर्धास्त होतो.

पण हायपर-व्ही होस्ट आपल्या व्हीएमना मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे ओळख क्रमांक) एका साठ्यातून देतो आणि तो साठा आपोआप ठरतो तेव्हा त्यात २५६च पत्ते असतात. पहिले तीन भाग मायक्रोसॉफ्टचे, ००-१५-५डी. पुढचे दोन भाग होस्टच्या आयपी पत्त्याच्या शेवटच्या दोन आकड्यांवरून येतात. शेवटचा भाग ०० ते एफएफ. समजा होस्टचा आयपी १०.२०.५.११ आहे. पाच म्हणजे ०५, अकरा म्हणजे ०बी. साठा झाला ००-१५-५डी-०५-०बी-०० पासून ००-१५-५डी-०५-०बी-एफएफ पर्यंत. आमच्या हिशोबात दर होस्टवर ३६० कार्डं. म्हणजे काहीही बिघडलेलं नसताना, अगदी चांगल्या दिवशीही, साठा संपतो.

हायपर-व्ही मॅनेजरमध्ये व्हर्च्युअल स्विच मॅनेजर उघडा, डावीकडे खाली 'मॅक ॲड्रेस रेंज' आहे. पॉवरशेलवरून 'गेट-व्हीएमहोस्ट' मध्येही किमान आणि कमाल पत्ता दिसतो आणि 'सेट-व्हीएमहोस्ट' ने बदलता येतो. वाढवताना मोह होतो तो कमाल पत्त्यात ०बी चं ०एफ करण्याचा. तसं करू नका. शेजारच्या होस्टचा आयपी शेवटी १२ असेल तर त्याचा साठा ०सी वर आहे, म्हणजे तुम्ही त्याच्या साठ्यावर अतिक्रमण केलं. मग दोन व्हीएमना एकच मॅक पत्ता मिळतो, दोघांचं नेटवर्क आळीपाळीने चालतं-बंद पडतं, आणि ते शोधण्यात दिवस जातो.

त्यापेक्षा तिन्ही होस्टना स्पष्ट वेगळे पट्टे द्या. पहिल्याला ००-१५-५डी-ए०-००-०० ते ००-१५-५डी-ए०-०एफ-एफएफ, दुसऱ्याला चौथा भाग ए१, तिसऱ्याला ए२. प्रत्येकात ४,०९६ पत्ते होतात. ए० म्हणजे १६०. तुमच्या नेटवर्कात आयपीचा तिसरा आकडा १६० ते १६२ असलेले दुसरे हायपर-व्ही होस्ट नाहीत एवढं बघून घ्या. आधीच तयार असलेल्या व्हीएमचे पत्ते या बदलाने हलत नाहीत, फक्त नव्यांना नवा पट्टा लागू होतो.

होस्टची डिस्क क्लोन करून दुसरा होस्ट तयार केला असेल तर हा साठा दोन्हीकडे तोच राहतो. क्लोन केल्यावर आयपी बदलला तरी साठा आपोआप बदलत नाही. क्लोन केलेल्या होस्टवर पहिलं काम हे तपासण्याचं.

प्रॉक्समॉक्स आणि लिनक्स ब्रिज

गेल्या काही वर्षांत आसपासच्या बऱ्याच महाविद्यालयांनी परवान्यांच्या खर्चामुळे प्रॉक्समॉक्स (लिनक्सवर चालणारं व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअर) घेतलं आहे, म्हणून हेही लिहिते. तिथे पोर्ट ग्रुप हा प्रकार नाही. ब्रिज (लिनक्समधला व्हर्च्युअल स्विच) 'व्हीलॅन अवेअर' करा आणि व्हीएमच्या नेटवर्क कार्डावर व्हीलॅन टॅग लिहा, झालं. ५१२ चा प्रश्नच उरत नाही. एका व्हीएमला ३२ नेटवर्क कार्डं देता येतात.

पण लिनक्स कर्नलमधल्या ब्रिजला जास्तीत जास्त १,०२३ पोर्ट जोडता येतात. ही मर्यादा कर्नलच्या कोडमध्येच आहे, सेटिंगमध्ये बदलत नाही. एक अपलिंक गेला, उरले १,०२२. आमचा वाईट दिवस १,०८० चा. म्हणजे इथेही तीच अडचण, फक्त वेगळ्या दारातून. सोडवायला मात्र सोपी: पॉडची आतली नेटवर्कं एका ब्रिजवर आणि बाहेरचं सामायिक नेटवर्क दुसऱ्यावर ठेवा. तसं केलं की पहिल्यावर ९०० आणि दुसऱ्यावर १८० पोर्ट येतात. एकच फिजिकल कार्ड थेट दोन ब्रिजना देता येत नाही, त्यामुळे दोन कार्डं किंवा दोन बाँड (एकत्र जोडलेली कार्डं) ठेवणं सोपं.

'ब्रिज लिंक शो' ही कमांड दिली की ब्रिजला जोडलेले सगळे पोर्ट दिसतात. फायरवॉलचा चौकोन टिक केलेल्या दर कार्डासाठी प्रॉक्समॉक्स एक छोटा वेगळा ब्रिज तयार करतं, त्यामुळे यादी अपेक्षेपेक्षा लांब दिसते. मुख्य ब्रिजवर मात्र त्याचा एकच पोर्ट मोजला जातो. व्हीलॅन अवेअर ब्रिजवर २ ते ४०९४ असे सगळे व्हीलॅन आपोआप उघडे असतात. काही नेटवर्क कार्डांच्या हार्डवेअरमध्ये व्हीलॅन फिल्टरच्या जागा ५१२ असतात आणि मग कर्नलच्या लॉगमध्ये 'काही व्हीलॅन गाळले' अशी तक्रार येते. लागणारा पट्टाच लिहा, उदाहरणार्थ १००१ ते १४८०.

होस्ट स्वतः राउटिंग किंवा नॅट करत असेल तर शेजाऱ्यांच्या एआरपी तक्त्याची (कुठल्या आयपीचा मॅक पत्ता कुठला याची यादी) वरची मर्यादाही १,०२४ असते. ती ओलांडली की लॉगमध्ये नेबर टेबल ओव्हरफ्लो येतं आणि यादृच्छिक मशीन गायब झाल्यासारखी वाटतात. ही मर्यादा सिसकंट्रोलमधून (कर्नलच्या सेटिंगमधून) वाढवता येते. मी चौपट करते.

खाली खरा स्विच आहे हे विसरू नका

पॉड होस्टबाहेर पसरले की त्यांचे व्हीलॅन रॅकमधल्या फिजिकल स्विचवरूनही जायला हवेत. प्रमाणित टॅगमध्ये व्हीलॅनसाठी १२ बिट असतात, म्हणून वापरता येणारे क्रमांक ४,०९४. आमचे ४८० त्यात आरामात बसतात. पण स्विच तेवढे झेपवेल असं नाही. महाविद्यालयांच्या रॅकमध्ये अजूनही खूप दिसणारा सिस्कोचा कॅटॅलिस्ट २९६० घ्या: २५५ व्हीलॅन आणि स्पॅनिंग ट्रीचे (नेटवर्कमधले लूप रोखणारी यंत्रणा) १२८ इन्स्टन्स. दर व्हीलॅनला वेगळी स्पॅनिंग ट्री चालू असेल तर १२८ च्या पुढच्या व्हीलॅनवर लूपपासून संरक्षणच राहत नाही. एमएसटीपी वापरून अनेक व्हीलॅन एका इन्स्टन्समध्ये घातले की हा अर्धा प्रश्न सुटतो. २५५ चा प्रश्न स्विच बदलल्याशिवाय सुटत नाही. व्हीएक्सलॅन (मूळ पॅकेट दुसऱ्या पॅकेटमध्ये गुंडाळून नेणं) हा दुसरा मार्ग: २४ बिट, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून जास्त नेटवर्कं, आणि फिजिकल स्विचला एकच व्हीलॅन दिसतो. त्यात दर पॅकेटवर ५० बाइटचा बोजा पडतो, म्हणून खालच्या नेटवर्कचा एमटीयू निदान १,६०० करा.

स्विचच्या पोर्टवर पोर्ट सिक्युरिटी (मोजकेच मॅक पत्ते चालू देणारी सेटिंग) लावलेली असेल तर ती होस्टच्या पोर्टांवरून काढा. एका केबलमागे शेकडो मॅक पत्ते येणार हे त्या सेटिंगला माहीत नसतं. ती पोर्ट बंद करून टाकते. आमच्यासारख्या लॅबमध्ये आणखी एक काळजी: विद्यार्थी मॅक फ्लडिंगचा (खोट्या मॅक पत्त्यांच्या माऱ्याचा) प्रयोग करतात. व्हीएमवेअरचा स्टँडर्ड स्विच मॅक शिकत बसत नाही, त्याला आपल्या व्हीएमचे पत्ते आधीच ठाऊक असतात. पण खोटे पत्ते बाहेर पडले तर खालच्या स्विचचा तक्ता भरतो आणि सगळ्या इमारतीचं नेटवर्क मंदावतं. पोर्ट ग्रुपवर 'फोर्ज्ड ट्रान्समिट्स' रिजेक्ट करा. हायपर-व्हीवर मॅक स्पूफिंग मुळातच बंद असतं, ते बंदच राहू द्या. प्रयोगासाठी अपलिंक नसलेला वेगळा स्विच ठेवा.

बाहेरच्या सामायिक नेटवर्कचा सबनेट साधा २४ बिटांचा असेल तर पत्ते २५४. २४० फायरवॉल आणि गेटवे बसतात, पण दर सेमिस्टरला पॉड नव्याने तयार झाले की मॅक बदलतात आणि जुन्या पत्त्यांचं डीएचसीपी लीज (आपोआप मिळालेल्या आयपी पत्त्याची मुदत) आठवडाभर अडकून राहतं. लीज चार तासांवर आणा, किंवा सबनेट २३ बिटांचा करा. मी दोन्ही केलं आहे.

तक्ता ठेवा आणि सुट्टीत खरंच पाडून बघा

एक एक्सेल शीट पुरते. ओळी अशा: होस्टवर चालू पोर्ट, पोर्ट ग्रुप, मॅक साठा, ब्रिजचे पोर्ट, फिजिकल स्विचचे व्हीलॅन, स्पॅनिंग ट्रीचे इन्स्टन्स, डीएचसीपी पत्ते. रकाने चार: आज किती, परीक्षेच्या आठवड्यात किती, एक होस्ट गेल्यावर किती, मर्यादा किती. मर्यादेचा आकडा तुमच्या नेमक्या आवृत्तीच्या तक्त्यातून घ्या आणि शेजारी आवृत्ती लिहा, कारण अपग्रेडनंतर तो बदलू शकतो. तिसरा रकाना चौथ्याच्या ८० टक्क्यांवर गेला की मी नव्या डिव्हिजनला होकार देत नाही, आधी रचना बदलते.

मग दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत, लॅब रिकामी असताना, १८० पॉड एकदम चालू करा. सगळे एकाच मिनिटाला नको, दहा-दहाच्या गटाने. सगळे उठल्यावर एक होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये टाका आणि पोर्टांचा रकाना वाढताना बघा. शेवटच्या पॉडच्या फायरवॉलवरून गेटवेला पिंग करा, आतल्या मशीनवरून डीएमझेडला करा. नंतर होस्ट परत घ्या आणि हीच फेरी उरलेल्या दोघांवर करा, कारण एखादा पोर्ट ग्रुप चुकीच्या नावाने राहिला असेल तर तो नेमका तिसऱ्या होस्टवर असतो. सगळं झाल्यावर शीटवर तारीख टाका आणि प्रिंट रॅकच्या दाराला आतून चिकटवा.